सर्व्हरचे निदान

'निदान' हा शब्द आपण मराठीत दोन अर्थांनी वापरतो. वैद्य नाडी पाहून रोगाचे निदान करतो; आणि ताटावरून अर्धवट उठणाऱ्या मुलाला आई म्हणते, "निदान दोन घास तरी खाऊन जा." पहिल्या ठिकाणी अर्थ मूळ कारण शोधणे, दुसऱ्या ठिकाणी कमीत कमी. आपल्या अंकाच्या कन्नड विभागाचे वाचक उच्चाराने जवळचा असा आणखी एक शब्द सांगतील : 'निधान', म्हणजे सावकाश. बसमधून म्हातारी बाई उतरू लागली की कंडक्टर म्हणतो, "निधान इळीरी, अज्जी." व्युत्पत्तीच्या वादात मला शिरावयाचे नाही. परंतु बंद पडलेला सर्व्हर तपासणाऱ्याने जे तीन नियम पाळावयाचे असतात, ते या तीन अर्थांत आयतेच सापडतात. यंत्राचे काम कमीत कमी करावे, सावकाश पाहावे, आणि मग कारण शोधावे. हे तिन्ही शक्य व्हावे म्हणून सर्व्हरमध्ये मुद्दाम जी सोय ठेवलेली असते तिला 'डायग्नॉस्टिक मोड' म्हणतात. आपण तिला निदान-अवस्था म्हणू.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात कशाला पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. रोजकीर्द आणि खतावणी हल्ली कपाटात नसतात, सर्व्हरमध्ये असतात. महाविद्यालयाच्या फीच्या पावत्या, पतसंस्थेच्या ठेवी, रविवार पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याचा मालसाठा, जीएसटीची विवरणपत्रे, सारे तेथेच. तो बंद पडला म्हणजे पेढीला कुलूप लागले. आणि घाईने तो चालू करण्याच्या नादात वह्याच नष्ट झाल्या, तर मग कुलूप उघडूनही उपयोग नाही. म्हणून दुरुस्ती जरी तंत्रज्ञाने करावयाची असली, तरी ती कशी होते हे हिशेबनिसाला व संस्थाचालकाला ठाऊक असले पाहिजे.

सर्व्हर कसा जागा होतो

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांची सेवा करणारा संगणक. कार्यालयातील दहा टेबलांवरचे दहा संगणक त्याच्याकडे माहिती मागतात आणि तो ती पुरवितो. तो रात्रंदिवस चालू असतो. पुष्कळदा त्याला पडदा किंवा कळफलकही जोडलेला नसतो.

वीज सुरू केल्याबरोबर तो लगेच कामाला लागत नाही. दुकान उघडताना आधी फळ्या काढतात, मग दिवा, मग तराजू, मग गल्ला आणि शेवटी गिऱ्हाईक. तसाच येथेही क्रम असतो. प्रथम यंत्र स्वतःचीच तपासणी करते : स्मृती आहे का, कळफलक आहे का. १९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात ही तपासणी निर्वेध पार पडली की एक छोटीशी 'पीं' ऐकू येत असे. दोष असल्यास आवाजाचा प्रकार बदले. दुसऱ्या पायरीवर 'बूट लोडर' नावाचा छोटा कार्यक्रम मुख्य प्रणालीला हाक मारतो. तिसरी पायरी म्हणजे प्रणालीचा गाभा, ज्याला 'कर्नल' म्हणतात, तो स्मृतीत येतो. चौथ्या पायरीवर डिस्का जोडल्या जातात आणि पाचव्या पायरीवर एकेक सेवा सुरू होते : नेटवर्क, माहितीकोश, छपाई, हिशेबाचा कार्यक्रम.

यातली कोणतीही पायरी निसटली की कार्यालयात एकच वाक्य ऐकू येते : "सर्व्हर डाऊन आहे." ताप आला एवढे सांगून रोग कळत नाही, तसेच या वाक्याने काहीच कळत नाही. दोष कोणत्या पायरीवर आहे हे शोधणे म्हणजेच निदान.

कमीत कमी का ?

चालू सर्व्हरमध्ये एकाच वेळी शेकडो कामे होत असतात. त्या गर्दीत कोणत्या कामाने खोळंबा केला हे ओळखणे कठीण. आपल्याच विषयातले उदाहरण घ्या. तेरीज पत्रकाच्या दोन बाजू जुळत नाहीत, तेव्हा शहाणा हिशेबनीस काय करतो ? नव्या नोंदी थांबवितो. आधी बेरजा पडताळतो, मग खतावणीतील शिलका, मग रोजकीर्दीवरून केलेल्या नोंदी. एकीकडे गिऱ्हाइकांच्या पावत्या फाडीत दुसरीकडे चूक शोधू लागलो तर शोधत असलेली रक्कमच दर घटकेला बदलत राहील.

निदान-अवस्था हेच करते. ती सर्व्हरला अगदी आवश्यक तेवढ्याच गोष्टींवर उभा करते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तिच्या परंपरेत याला 'सिंगल-यूजर मोड' म्हणतात. एरवी अनेकांना एकाच वेळी वापरू देणारे यंत्र तेवढ्यापुरते एकाच माणसाचे होते. मायक्रोसॉफ्टने १९९५ च्या विंडोजमध्ये 'सेफ मोड' दिला. त्यात केवळ अत्यावश्यक चालक-कार्यक्रम सुरू होतात. विंडोजच्या ज्या सर्व्हरवर साऱ्या संस्थेची नावे व परवाने ठेवलेले असतात, त्याच्यासाठी तर निराळी दुरुस्ती-अवस्था आणि तिचा निराळा पासवर्डही असतो.

१९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सचा आज सर्व्हरांवर फार मोठा वापर आहे, म्हणून पुढील विवेचन त्याच्याच आधारे करतो. लिनक्सच्या बहुतेक प्रचलित आवृत्त्यांत या अवस्थेच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली 'रेस्क्यू' : हिच्यात डिस्का जोडल्या जातात, मूलभूत सेवा चालतात, पण नेटवर्क नसते. दुसरी 'इमर्जन्सी' : हिच्यात मुख्य डिस्क तेवढी जोडली जाते आणि तीही सहसा केवळ वाचण्यापुरती. वाचता येते पण लिहिता येत नाही, ही गोष्ट बारकाईने लक्षात घ्यावी. ती अडचण नसून संरक्षण आहे. घाबरलेल्या माणसाच्या हातून वही खोडली जाऊ नये म्हणून पेन काढून ठेवले आहे.

आत जाण्याचे तीन दरवाजे

पहिला दरवाजा बूट लोडरचा. यंत्र सुरू होताच क्षणभर एक यादी दिसते. दिसत नसल्यास शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबून ती आणावी लागते. हव्या त्या ओळीवर थांबून 'ई' ही कळ दाबली की सुरुवातीच्या आज्ञा संपादनासाठी उघडतात. त्यांतील 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'सिस्टमडी.युनिट=रेस्क्यू.टार्गेट' असे लिहावयाचे आणि कंट्रोल व एक्स या कळा एकत्र दाबावयाच्या. इमर्जन्सी हवी असल्यास 'रेस्क्यू'च्या जागी तो शब्द घालावा. येथे आज्ञा नागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीतच टंकावयाच्या. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच टिकतो. पुढच्या वेळी यंत्र नेहमीसारखेच सुरू होते, म्हणून या दारातून आत डोकावण्यात धोका कमी.

दुसरा दरवाजा बाहेरून आणलेल्या प्रणालीचा. सर्व्हरची स्वतःची डिस्कच वाचता येत नसेल, तर पेन ड्राइव्हवर ठेवलेल्या लिनक्सवरून यंत्र सुरू करावयाचे आणि आतल्या डिस्केकडे परक्या घरात पाहावे तसे पाहावयाचे. स्मृतीत दोष असल्याचा संशय असेल, तर 'मेमटेस्ट' हा कार्यक्रमही असाच बाहेरून चालवितात. तो स्मृतीच्या प्रत्येक कप्प्यात ठराविक आकडे लिहून परत वाचतो. यास कित्येक तास लागू शकतात. तेथे निधान हाच उपाय.

तिसरा दरवाजा सर्वांत विलक्षण. नेटवर्क नसलेल्या अवस्थेत गेलेल्या सर्व्हरशी दूरच्या माणसाने बोलावे कसे ? त्यासाठी चांगल्या सर्व्हरांत मुख्य यंत्राच्या आतच एक छोटा स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. त्याचे संक्षिप्त नाव 'बीएमसी'. मुख्य सर्व्हर बंद असला तरी वायर भिंतीला जोडलेली आहे तोवर हा जागा राहतो. पंख्याचा वेग, आतील तापमान, वीजपुरवठा व स्मृतीतील दोष यांची नोंद तो करतो. आणि त्याच्या मार्फत दुसऱ्या गावी बसलेला तंत्रज्ञ सर्व्हरचा पडदा पाहू शकतो, तो बंद-चालू करू शकतो. या व्यवस्थेसाठी इंटेल, डेल, एचपी व एनईसी या कंपन्यांनी १९९८ साली 'आयपीएमआय' नावाची समान नियमावली जाहीर केली. डेलच्या यंत्रांत या सोयीचे नाव 'आयड्रॅक', तर एचपीच्या यंत्रांत 'आयएलओ'. रात्रपाळीच्या पहारेकऱ्यासारखा हा आहे. मात्र पहारेकऱ्याकडे साऱ्या वाड्याच्या किल्ल्या असतात, हे विसरू नये. त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला पाहिजे आणि त्याची वायर सर्वांच्या नेटवर्कला किंवा इंटरनेटला उघडी ठेवता कामा नये.

आत जाण्यापूर्वी

प्रत्येक तक्रारीसाठी निदान-अवस्थेत जाण्याचे कारण नाही. दुकान बंद करण्याआधी रस्ताच बंद आहे का ते पाहावे. माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेली 'पिंग' ही आज्ञा आजही पहिली परीक्षा आहे : ती दुसऱ्या यंत्राला हाक मारते आणि 'ओ' येते का व किती वेळात येते ते सांगते. आपल्या टेबलावरून १२७.०.०.१ या पत्त्याला पिंग करून पाहावे. हा पत्ता नेहमी स्वतःचाच असतो, म्हणून उत्तर आले तर आपल्या यंत्राची नेटवर्क-प्रणाली ठीक आहे एवढे कळते. मग शेजारच्या संगणकाला, मग सर्व्हरला. शेजारी उत्तर देतो आणि सर्व्हर देत नाही, असे असेल तर संशय सर्व्हरवर किंवा त्याच्या वायरीवर. परंतु काही यंत्रे सुरक्षेसाठी पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. तेव्हा नुसत्या मौनावरून मृत्यूचा दाखला लिहू नये.

त्यानंतर तीन कामे करावीत. पडद्यावर जे दिसते त्याचे छायाचित्र घ्यावे, कारण यंत्र पुन्हा सुरू केले की पुष्कळ खुणा पुसल्या जातात. काल आणि आज यांत काय बदलले ते सर्वांना विचारावे : नवी डिस्क, नवा कार्यक्रम, वीज जाणे, रंगारी खोलीत येऊन जाणे, काहीही. आणि वापरणाऱ्यांना कळवावे, नाहीतर इकडे तपासणी चालू असताना तिकडे कोणी पावती फाडीत बसेल.

एक उदाहरण

समजा, एका पतसंस्थेत रात्री वीज गेली. सकाळी सर्व्हर सुरू केला तर तो दीड मिनिट काहीतरी शोधत बसला आणि मग पडद्यावर आपण इमर्जन्सी अवस्थेत असल्याचा इंग्रजी मजकूर आला. म्हणजे येथे आपण आत गेलो नाही, यंत्रच स्वतः होऊन निदान-अवस्थेत आले. बाहेर ठेवीदारांची रांग लागली आहे. कोणीतरी सुचवितो, "सगळे पुसून नव्याने घाला, तासाभरात चालू होईल." याच क्षणी वर्षानुवर्षांच्या वह्या जाण्याचा किंवा वाचण्याचा निर्णय होत असतो.

पुसावयाचे नाही. पडद्यावर मुख्य व्यवस्थापकाचा, म्हणजे 'रूट' या वापरकर्त्याचा पासवर्ड मागितला आहे तो द्यावयाचा आणि 'जर्नलसीटीएल -एक्सबी' ही आज्ञा चालवावयाची. ही यंत्राची रोजकीर्द. सुरू झाल्यापासून काय काय घडले ते तारीखवार तिच्यात असते. लाल अक्षरांतल्या ओळी आधी वाचाव्यात. येथे एक ओळ सांगते की 'बॅकअप' नावाची डिस्क सापडली नाही, आणि तिच्यावर अवलंबून असलेले पुढचे काम अडले.

मग 'एफस्टॅब' नावाची फाईल पाहावयाची. सुरुवातीला कोणकोणत्या डिस्का जोडावयाच्या त्यांची ती हजेरी आहे. तिच्यात बाहेरून जोडावयाच्या एका डिस्केचे नाव आहे. आणि ती डिस्क तर गेल्या आठवड्यात कोणी काढून कपाटात ठेवली. सर्व्हर न थांबता चालू होता तोवर कोणाला पत्ता लागला नाही. वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाले, हजेरी घेतली गेली, एक विद्यार्थी गैरहजर, आणि मास्तरांनी वर्गच भरविला नाही.

दुरुस्ती एका खुणेची आहे. मुख्य डिस्क लिहिण्यायोग्य करून घ्यावयाची, त्या फाईलची प्रत बाजूला ठेवावयाची आणि त्या ओळीच्या आरंभी '#' हे चिन्ह घालावयाचे. चिन्हांकित ओळ यंत्र वाचत नाही. सर्व्हर पुन्हा सुरू केला की काम पूर्ववत. सवडीने ती डिस्क परत जोडताना ओळीत 'नोफेल' हा शब्द घालावा, म्हणजे ती डिस्क नसली तरी यंत्र अडून बसणार नाही. ठेवीदारांच्या एकाही नोंदीला धक्का लागला नाही. कारण कळले म्हणून उपाय लहान ठरला.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे डिस्क भरणे. 'डीएफ -एच' ही आज्ञा प्रत्येक डिस्क किती टक्के भरली ते सांगते. जागा दिसते तरी नवी फाईल होत नाही असे असल्यास 'डीएफ -आय' पाहावे. फाईलींच्या नोंदींसाठी राखलेले कप्पे संपलेले असू शकतात. गोदाम रिकामे, पण पावतीपुस्तक संपले, असा हा प्रकार. आणि एक पथ्य : 'एफएससीके' ही डिस्क दुरुस्त करणारी आज्ञा, डिस्क जोडलेली व वापरात असताना कधीही चालवू नये. डिस्क यंत्र म्हणूनच निकामी होऊ लागली असेल, तर आधी तिची जेवढी निघेल तेवढी नक्कल दुसऱ्या डिस्केवर काढावी आणि प्रयोग नकलेवर करावेत. मूळ दस्तऐवजावर कोणी शाईचे प्रयोग करीत नाही.

एका वेळी एकच बदल करावा, हाही नियम यातलाच. तीन बदल एकदम केले आणि यंत्र सुरू झाले, तर कोणत्या औषधाने गुण आला हे कळत नाही. आणि जे कळले नाही ते पुन्हा उलटते.

जगातील दोन प्रसंग

हे सारे लहान कार्यालयांपुरतेच आहे असे कोणी समजू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने विंडोजच्या यंत्रांसाठी पाठविलेल्या एका सुधारणेत दोष होता. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी पावणेदहाच्या सुमारास ती निघाली आणि ७८ मिनिटांनी मागे घेण्यात आली. परंतु तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून कोलमडली होती. आपल्या देशातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. उपाय काय होता ? यंत्र सेफ मोडमध्ये न्यावयाचे आणि एक सदोष फाईल पुसावयाची, बस. सेफ मोडमध्ये बाहेरच्या कंपन्यांचे चालक-कार्यक्रम जागे होत नाहीत, म्हणून तेथे यंत्र कोसळत नसे. काम काही मिनिटांचे. पण बहुतेक ठिकाणी ते एकेका यंत्रापुढे माणसाने बसून करावे लागले. शिवाय ज्या डिस्का सांकेतिक कुलपाने बंद होत्या, त्यांच्यासाठी ४८ अंकी किल्ली लागे; आणि काही संस्थांनी त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर जपून ठेवल्या होत्या, तो सर्व्हरच बंद होता.

दुसरा प्रसंग ४ ऑक्टोबर २०२१ चा. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम एकदम नाहीसे झाले ते सुमारे सहा तास. कंपनीने नंतर दिलेल्या माहितीनुसार, देखभालीच्या वेळी आपल्या मुख्य जाळ्याची क्षमता किती आहे हे पाहण्यासाठी दिलेल्या आज्ञेनेच सारी जोडणी तुटली. अशा आज्ञा तपासून चुकीची रोखणाऱ्या साधनात दोष असल्याने ती रोखली गेली नाही. दुरून दुरुस्ती करण्याची नेहमीची वाट तर बंद झालीच, पण अडीअडचणीसाठी ठेवलेली वेगळी वाटही चालेना. शेवटी माणसे प्रत्यक्ष इमारतींत पाठवावी लागली, आणि तेथील कडेकोट बंदोबस्त ओलांडून यंत्रापर्यंत पोहोचण्यातही वेळ गेला.

या दोन्ही प्रसंगी उपाय माहीत असणे पुरले नाही. दारापर्यंत पोहोचण्याची वाट आणि दाराची किल्ली यांनीच अडविले.

किल्ली की कुलूप ?

येथे पुन्हा आपल्या दोन भाषांची गंमत आठवते. मराठीत 'किल्ली'ने कुलूप उघडतात. आपल्याकडच्या कन्नडमध्ये 'कीली' म्हणजे कुलूपच, आणि उघडावयाचे ते 'कीलीकै'. निदान-अवस्था ही अशीच एका बाजूने किल्ली आणि दुसऱ्या बाजूने कुलूप आहे.

ती किल्ली कशी, ते पाहा. वर सांगितलेल्या बूट लोडरच्या ओळीत एक निराळा शब्दप्रयोग घातला, तर लिनक्स पासवर्ड न विचारता संपूर्ण अधिकार हाती देते. विसरलेला पासवर्ड बदलण्याची ही परिचित रीत आहे. याचा अर्थ, जो माणूस सर्व्हरपुढे उभा राहू शकतो तो त्याचा मालक होऊ शकतो. झेरॉक्स यंत्राशेजारी उघड्यावर ठेवलेला सर्व्हर म्हणजे टेबलावर ठेवलेली तिजोरी. म्हणून त्याची खोली बंद ठेवावी, बूट लोडरला पासवर्ड घालावा, डिस्क सांकेतिक करावी. पण यातला प्रत्येक उपाय हा आणीबाणीत आपल्याच माणसापुढचे कुलूप होतो. पासवर्ड ठाऊक असलेला एकच तंत्रज्ञ नोकरी सोडून पुण्याला गेला, तर काय ?

यावर तंत्रज्ञांपेक्षा आपल्या बँकांनी जुने उत्तर शोधून ठेवले आहे. तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. एकट्याला ती उघडता येत नाही. सर्व्हरच्या बाबतीत असे करता येईल : निदान-अवस्थेचे पासवर्ड व डिस्केची किल्ली कागदावर लिहून पाकिटात घालावी, पाकिटाच्या जोडावर दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि ते सर्व्हरच्या खोलीत न ठेवता प्राचार्यांच्या किंवा अध्यक्षांच्या कपाटात ठेवावे. पाकीट उघडले की रजिस्टरात तारीख, वेळ, कारण आणि नाव लिहावे. काम झाले की पासवर्ड बदलून नवे पाकीट करावे. यास एक पैचा खर्च नाही.

रजिस्टराचा आग्रह का, तेही सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या देशात कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणकीय कार्यक्रमात प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहिली पाहिजे, असा नियम लागू आहे. कोणी, केव्हा, काय बदलले याचा माग तीत राहतो आणि लेखापरीक्षक तो पाहतात. परंतु ही नोंद ठेवतो तो हिशेबाचा कार्यक्रम. आणि निदान-अवस्थेत तो कार्यक्रम झोपलेला असतो. त्या वेळी कोणी खालच्या फाईलींत हात घातला, तर कार्यक्रमाच्या वहीत त्याची ओळ उमटेलच असे नाही. ज्या खोलीत पहारेकरी नाही, तेथे जाणाऱ्याने स्वतःची सही करून जावे हाच सभ्य मार्ग. तंत्रज्ञावर अविश्वास म्हणून हे नाही. पुढे कधी रक्कम जुळली नाही तर संशय प्रथम त्याच्यावर येईल. त्या दिवशी हेच रजिस्टर त्याची बाजू मांडील. यंत्राच्या स्वतःच्या नोंदीही जपल्या पाहिजेत : 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे कंपन्या व शासकीय संस्था यांनी त्या १८० दिवस ठेवावयाच्या आहेत.

चांगल्या दिवशी करावयाचे काम

निदान-अवस्थेत कसे जावे हे सर्व्हर बंद पडल्याच्या सकाळी शिकता येत नाही. त्या वेळी फोन वाजत असतात, साहेब मागे उभे असतात, आणि पडद्यावरचे इंग्रजी दुप्पट अवघड वाटते. म्हणून वर्षातून दोनदा, सुट्टीच्या दिवशी, सर्व्हर मुद्दाम रेस्क्यू अवस्थेत नेऊन पाहावा. यादी दिसते का, पासवर्ड चालतो का, पाकिटातली किल्ली खरोखर त्याच कुलपाची आहे का, आणि ठेवलेल्या बॅकअपमधून एखादी फाईल परत काढता येते का, एवढे पाहून परत यावे. ज्या आज्ञा लागल्या त्या एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खोलीच्या आतल्या बाजूस लावाव्यात. त्या कागदावर मात्र पासवर्ड लिहू नये.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या पतसंस्थांत, बँकांत, दुकानांत, कर सल्लागारांच्या कचेऱ्यांत कामाला लागतील. आपण तंत्रज्ञ होणार नाही. पण तंत्रज्ञाला फोन करणारे होऊ. "सर्व्हर डाऊन आहे, लवकर या" असे सांगणारा आणि "वीज गेल्यानंतर यंत्र इमर्जन्सी अवस्थेत आले आहे, बॅकअपची डिस्क सापडत नाही असे म्हणते, आम्ही कशालाही हात लावलेला नाही, छायाचित्र पाठवितो" असे सांगणारा, या दोघांत ठेवीदारांच्या वह्यांचे भवितव्य अडकलेले असते. दुसऱ्यासारखा फोन करता येण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. न घाबरता पडदा वाचण्याची सवय लागते, आणि "पुसून टाका" म्हणणाऱ्याला "निदान कारण तरी पाहू" एवढे म्हणण्याचे धैर्य लागते.

— बी. कॉम., तृतीय वर्ष